मानालेदीची नालेदी

आमच्या डोंगरात सून घरी आली की तिचं जुनं नाव उंबऱ्याबाहेर राहतं. सासू मेंढी कापते, चार माणसांत सुनेच्या खांद्यावर घोंगडी टाकते आणि तिला नवं नाव देते. तेही खरं म्हणजे तिचं नसतं, तिच्या अजून न जन्मलेल्या पोराचं असतं. मला सासूने मापुलाने म्हटलं, म्हणजे पुलानेची आई. पुढच्या उन्हाळ्यात पुलाने झाली आणि नाव खरं ठरलं. माझ्या धाकट्या जावेला सासूने मानालेदी म्हटलं. नालेदी म्हणजे चांदणी. ती काही आली नाही.

मग नाव बदलायचं, असं तुम्ही म्हणाल. तसं होत नाही. मेंढी खाऊन झालेली असते. सासू गेली, माझा दीर खाणीतली धूळ छातीत भरून घरी आला, खोकून खोकून तोही गेला. मानालेदीजवळ गवताच्या छपराची दोन गोल घरं, मक्याचा एक तुकडा आणि ते नाव एवढंच राहिलं. झऱ्यावर पोरी म्हणायच्या, "मानालेदी, बादली जरा डोक्यावर चढवून द्या ना." ती चढवून द्यायची. सगळं गाव दिवसभर तिला नसलेल्या मुलीची आई म्हणायचं आणि कुणाच्या ते लक्षातही यायचं नाही. तिच्या यायचं. एकदा कणसं सोलताना ती मला म्हणाली, "जाऊबाई, तुम्हाला कुणी हाक मारली की तुमची पुलाने आठवते. मला मारली की काय आठवायचं?" माझी पुलाने तेव्हा नुकतीच जोहान्सबर्गला कामाला गेली होती. मी म्हटलं, "मका सोल."

तिच्या स्वभावाबद्दल मात्र खोटं बोलणार नाही. ती हेवेखोर होती. एवढी हेवेखोर बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि आमच्या घरात आरसा आहे. तिची एक कोंबडी माझ्या कणगीखाली अंडी घालायला लागली, तर तिने कोंबडीशी अबोला धरला. दाणे टाकायची, पण तोंड फिरवून. कोंबडीला काही फरक पडला नाही. दुसऱ्याच्या शेतात पडलेला पाऊससुद्धा तिला आपल्यापेक्षा जास्त वाटायचा. कुणाचं बाळंतपण झालं की ती सगळ्यात आधी जायची, सगळ्यात जास्त काम करायची, आणि घरी येऊन दार लावून घ्यायची.

शाळेत गणित शिकवायला परदेशातून एक बाई येणार असं ठरलं तेव्हा आमच्या मुख्याध्यापकांनी, मोखेथी सरांनी, गावाला बोलावलं. बाईंना राहायला कुलूप लागणारी खोली हवी होती. दुकानवाली माथुसो लगेच पुढे झाली. तिचं पत्र्याचं चौकोनी घर तेव्हा अर्धं बांधून झालं होतं.

"महिनाभर थांबा," ती म्हणाली. "पत्रे पडले की माझ्याकडेच ठेवा. आमच्याकडे नळी लावून पाणी आणणार आहेत."

"बाई पुढच्या आठवड्यात येतायत," सर म्हणाले.

"माझ्या नवऱ्याचं घर रिकामं आहे," मागून मानालेदी म्हणाली. "कुलूप आहे. किल्लीही आहे."

बाई आली ती आयर्लंडची. ओर्ला तिचं नाव, केस लाल, आणि थोडं ऊन लागलं की चेहरा केसांहून लाल. मोखेथी सर तिची ओळख करून द्यायला उभे राहिले, एवढ्यात मानालेदी पुढे गेली. अंगावरची घोंगडी काढून तिने त्या पोरीच्या खांद्यावर टाकली आणि म्हणाली, "हिचं नाव नालेदी."

कुणाला विचारलं नाही, कुणाकडे बघितलं नाही. मग म्हाताऱ्या बायकांनी जिभा हलवून आनंदाचा असा गलका केला की वरच्या कुरणातली गाढवं कान टवकारून उभी राहिली. मीही त्यात जीभ हलवली. आणि त्याच्या पाठोपाठ मनात आलं, आता हिला कोण आवरणार?

खरंच आवरेना. आधी ती क्वचित बोलायची, आता तोंडाला खळ नाही. नालेदीला बीट आवडत नाही. नालेदीला थंडीत पाय गरम लागतात. नालेदीने वर्गात अमक्याच्या मुलाला शून्य दिलं, बरं केलं. मी एकदा त्या पोरीला शाळेतून येताना उकडलेलं कणीस दिलं, तर संध्याकाळी मानालेदी माझ्या अंगणात हजर.

"पोट भरून आली म्हणते ती. काकीकडे खाल्लं म्हणे."

"एक कणीस गं."

"कणसाचं काही नाही. मी मक्याच्या पिठाचा पापा रांधून ठेवला होता, भाजी केली होती. पुढच्या वेळी द्यायचं असेल तर आधी मला सांगत जा."

माझ्याच दारात उभी राहून मला परवानगी घ्यायला सांगत होती. पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी म्हटलं, "बरं, सांगत जाईन." इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती कुणावर तरी हक्काने रागावत होती.

तिकडे माथुसोचं घर बांधून झालं. पत्रे चकाकायला लागले, उन्हावर चालणारा दिवा लागला, आणि आत राहायला कुणी नाही. दुकानाच्या फळीमागे बसून ती मानालेदीच्या घराकडे बघत राहायची. साखर मापताना तिचा हात आखडायचा, पण फक्त मानालेदीच्या साखरेला. तिला मुलंबाळं होती, नवरा होता, दुकान होतं. गावात एक परदेशी बाई आणि ती आपल्या घरी नाही, हे तिला पचत नव्हतं. आपलं ठेवावं झाकून आणि दुसऱ्याचं पाहावं वाकून, हे माथुसोने लहानपणीच शिकून घेतलं असावं.

त्या हिवाळ्यात बर्फ पडला, लगेच कडक ऊन पडलं आणि नालेदीच्या भिंतीला दारापासून छपरापर्यंत चीर गेली. मानालेदीने शेणमाती कालवली, चीर भरली आणि वर बोटांनी नक्षी काढली. लाटा, पानं, मक्याची ताटं. मन लावून करायची ती. तिच्यासारखी भिंत गावात कुणाची नसायची. मग नालेदीला पाठवणाऱ्या संस्थेचा माणूस घर तपासायला आला. नक्षी बघून तो खूश झाला. कौतुकाने बोट फिरवायला गेला आणि बोट भिंतीत गेलं.

त्याने बोट बाहेर काढलं, पुसलं आणि मोखेथी सरांना सांगितलं की बाईंना इथे ठेवता येणार नाही, पक्क्या भिंतीचं, पत्र्याचं घर बघा. पत्र्याचं घर गावात एकच होतं.

"ज्याचं बोट आत गेलं त्याने बोट सांभाळावं," मानालेदी म्हणाली. "भिंत काय बोटं घालायला असते? आणि पत्रा म्हणे. उन्हाळ्यात पत्र्याखाली चूल न पेटवता पाव भाजतो."

सर समजावत राहिले. नालेदी मध्ये उभी. तिला आमची बोली अजून मोडकीच येत होती. "आई, मी जाणं इच्छा नाही," ती म्हणाली. "पण त्यांचा हुकूम."

लोक गेल्यावर मानालेदी माझ्याजवळ येऊन बसली. बराच वेळ पायाच्या अंगठ्याने माती उकरत होती.

"खोलीचं काही नाही हो, जाऊबाई. खोली काय, ती दोन हाकांच्या अंतरावर राहील. पण ती माथुसोच्या छपराखाली झोपली की गाव काय म्हणेल? माथुसोकडची बाई म्हणेल. मग नालेदी कोण राहिली? आणि मी कोण राहिले?"

तिच्या हेव्याची धग मला शेजारी बसूनच लागत होती.

शनिवारी सकाळी माथुसो सामान न्यायला आली. सोबत नवरा आणि दुकानातली ढकलगाडी. मानालेदी उंबऱ्यावर बसली होती, दाराच्या बरोबर मध्ये.

"मानालेदी, सरक जरा. बाईंची गादी काढू दे."

"कुठल्या बाईंची? इथे बाई राहत नाहीत. इथे माझी मुलगी राहते."

"बरं बाई, तुझ्या मुलीची गादी."

"मुलगी न्यायला आलीस, आणि ढकलगाडी घेऊन? तुला तुझ्या सासरच्यांनी ढकलगाडीतून नेलं होतं?"

"तिला पुरली नसती," कुंपणावरून कुणीतरी म्हणालं. तोवर निम्मं गाव कुंपणाला टेकलं होतं.

माथुसो लाल झाली. "अगं, भाडेकरू नेतेय मी, सून नाही. लग्न आहे का हे? नवरा कुठाय?"

"ते तुझं तू बघ. मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात जाते ती एकाच वाटेने. यायचं, खाली बसायचं, तुंबाभर पाणी मागायचं. तशी ये, मी सरकते. नाहीतर मी इथे बसलेय. मला आज काही काम नाही."

आमच्याकडे मुलगी मागायला आलेले लोक मुलगी मागत नाहीत. तुंबाभर पाणी मागतात, मग गुरांचं बोलणं होतं. एवढं पोराटोरांनाही माहीत. कुंपणावरच्या बायका टाळ्या वाजवायला लागल्या. नालेदी आत हातात किटली धरून उभी होती आणि काय चाललंय ते तिला अर्धंच कळत होतं. माथुसो ढकलगाडी फिरवून निघून गेली. पण तिचं घोडं अडलं होतं. संस्थेचा माणूस येत्या आठवड्यात परत यायचा होता, आणि तेव्हा बाई पत्र्याखाली नसली तर तिला तालुक्याच्या गावाला हलवणार होते. मोखेथी सर माथुसोला म्हणाले, "पाणीच मागायचं आहे ना? मागून टाका. तुमचं काय जातं?"

रविवारी चर्च सुटल्यावर माथुसोचा नवरा आणि त्याचा म्हातारा काका आमच्या अंगणात आले. टोप्या काढून जमिनीवर बसले. मुलीकडून आमचे हे बसले, थोरले दीर म्हणून. तोंडावर असा भाव, जसं काही पाहुणे कशाला आलेत ते माहीतच नाही.

"काय काम काढलंत?"

"तहान लागली," काका म्हणाले. "या घरात तुंबाभर पाणी मिळतं असं कानावर आलं."

"पाणी आहे. पण आमच्या पाण्याला गुरं लागतात."

"गुरं कसली, अहो," माथुसोचा नवरा कुरकुरला. "ती दीड वर्षाने आपल्या देशी जाणार."

"मग पाणीही प्यायचं राहू द्या," दाराआडून मानालेदी म्हणाली. मुलीच्या आईने तिथे बोलायचं नसतं, पण तिला कोण सांगणार?

शेवटी गुरांच्या नावाने एक शेळी ठरली. संध्याकाळी ती ओढत आणली, काळी, एक शिंग वाकडं. मानालेदीने ती मागे बांधली नाही. वाटेवरून येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी अगदी पुढे बांधली. मुलीच्या बदल्यात आलेलं जनावर. तिच्या दारात असं जनावर कधी येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. त्या संध्याकाळी ती शेळीला हाताने पाला भरवत होती आणि माथुसोच्या दुकानाकडे बघून हसत होती.

सोमवारी शाळा सुटल्यावर नालेदी निघाली. सामान थोडं आणि बायका फार, म्हणून एकीने तवा घेतला, एकीने बादली, एकीने पुस्तकं. माझ्या डोक्यावर उशी आली. मानालेदीने पेटीतून एक घोंगडी काढली. तिच्या लग्नातली होती, त्यानंतर घडी कधी मोडलेली नव्हती. ती तिने नालेदीच्या खांद्यांवर गुंडाळली आणि मोठी पिन लावली.

"मान खाली ठेव," ती म्हणाली. "हसू नकोस. तिने मेंढी कापली नाही तर तिच्या घरचं पाणीही पिऊ नकोस." आणि मग माथुसोला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, "मेंढी नसली तर माझी मुलगी उपाशी परत येईल. आम्ही रीतीची माणसं आहोत."

मुलीची आई सोबत जात नाही. ती उंबऱ्यावर थांबली. आम्ही गाणं म्हणत उतरलो, आणि नालेदी वळणावरून मागे बघायला लागली तेव्हा मी तिला कोपर मारलं. नवरीने मागे बघायचं नसतं.

माथुसोकडे मेंढी कापलेली होती. चांगली पोसलेली. ज्या बाईचा हात साखरेला आखडतो तिने एवढी मेंढी कशी कापली, मला काही उलगडेना. वर चेहऱ्यावर हसू. मांस शिजलं, नालेदीने पहिला तुकडा खाल्ला, आणि माथुसो हात पुसत मध्ये उभी राहिली.

"रीत म्हणजे रीत," ती म्हणाली. "मानालेदीने जी सांगितली ती सगळी आम्ही केली. पाणी मागितलं. शेळी दिली. मेंढी कापली. आता या घरात आलेल्या सुनेला या घरचं नाव. आजपासून हिला माखाउता म्हणायचं."

खाउता म्हणजे सोनं. नवरा नसलेलं लग्न, सगळी थट्टा, म्हणून नावाचा विचार आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आला नव्हता. माथुसोच्या आला होता. उगाच नाही दुकान चालवत ती. नाही म्हणायची सोय उरली नव्हती. मेंढी आम्ही सगळ्यांनी खाल्ली होती. मग कुणीतरी जीभ हलवून गलका केला आणि बाकीच्यांनी ओढला. नालेदी घोंगडीत मान खाली घालून बसली होती, तिला शिकवलं होतं तशी.

मी मानालेदीच्या वाट्याचं मांस पानात बांधून वर चढले. ती पापा ढवळत होती.

"मेंढी कशी होती?"

"मऊ."

"लहान असेल."

"मोठी होती." मी पान खाली ठेवलं. "तिने नाव दिलं, मानालेदी."

तिचा हात थांबला. "कुठलं?"

"माखाउता."

"सोनं," ती म्हणाली. "दुकानदाराला दुसरं काय सुचणार?" आणि पुन्हा ढवळायला लागली. पापा घट्ट झाला, करपायला लागला, तरी ढवळतच होती. "पाणी मीच मागायला लावलं ना?"

"हो."

"मेंढीही मीच मागितली."

"हो."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. सगळ्या गावाला साक्षी ठेवून तिने मुलगी आपली ठरवून घेतली होती, आणि त्याच रीतीने ती घालवली होती.

पोरांना नवं नाव लगेच रुळलं. माखाउताबाई आल्या, माखाउताबाईंनी पाढे विचारले. माथुसोच्या तोंडी तर दुसरा शब्द नव्हता. "आमची माखाउता चहात दूध घेत नाही." "आमच्या माखाउताला पत्र्याखाली कशी शांत झोप लागते." रविवारी ती छत्री उघडून तिला चर्चला आणायची आणि पहिल्या बाकावर बसवायची. मानालेदी मागच्या बाकावरून त्या लाल केसांकडे बघत असायची, आणि गाणं सुरू झालं की इतक्या जोरात गायची की पाद्री वळून बघायचे. झऱ्यावर ती लांबच्या वाटेने जायला लागली, म्हणजे शाळेवरून जावं लागू नये. शेळीशी तिने अबोला धरला. शेळीने रिकाम्या घराच्या छपराची खालची कड खायला सुरुवात केली, तरी हाकलली नाही.

"पोर येत का नाही गं भेटायला?" मी विचारलं.

"नवी सून पहिल्या महिन्यात माहेरी जात नाही. माथुसोने सांगितलंय तिला."

"खरंच आहे ते."

"खरं आहे म्हणून तर सांगितलं," मानालेदी म्हणाली. "खोटं असतं तर मी जाऊन तिच्या झिंज्या उपटल्या असत्या."

मला तिची दया यायची, आणि दया आली की राग यायचा. एवढं काय ते? भाड्याने राहिलेली पोर. आज ना उद्या विमानात बसणार. पण ती रिकाम्या घराच्या भिंतीपाशी बसून त्या चिरेत पुन्हा माती भरत असायची. आता तिथे राहणारं कुणी नव्हतं.

महिना सरला त्या शनिवारी आम्ही दोघी तिच्या अंगणात शेंगा सोलत होतो. खालून नालेदी चढत आली. खांद्यावर ती लग्नातली घोंगडी, एवढ्या उन्हात पिन लावलेली, तोंड लालबुंद. डोक्यावर पिठाची पिशवी, आणि हातात चहा-साखर. माहेरी येणारी मुलगी रिकाम्या हाताने येत नाही, हे कुणीतरी तिला शिकवलं असावं. कुंपणाशी थांबून ती म्हणाली, "आई, मी आले."

मानालेदीने मान वर केली नाही. "कोण?"

माझे हात शेंगांतच थांबले. त्या पोरीच्या तोंडून आता कुठलं नाव निघतं ते मला ऐकायचंही होतं आणि नकोही होतं.

"नालेदी," ती म्हणाली.

"खाली कुणी माखाउता आहे म्हणतात."

"ती तिकडे, सासरी. वर्गातल्या मुलींनी मला सांगितलं. सासरी सासरचं नाव. आईच्या दारात आईने ठेवलेलं." बाकी बोलणं मोडकं होतं, पण एवढं तिने घोकून आणलं होतं. एक शब्दही चुकला नाही.

हे आम्हाला माहीत नव्हतं असं नाही. मी माहेरी गेले की माझा भाऊ अजून मला पोरपणीच्या नावाने हाक मारतो. पण मानालेदीचं माहेर केव्हाच संपलं होतं. आईबाप गेले, भाऊ खाणीत गेला तो परत आला नाही. तिला तिच्या जुन्या नावाने हाक मारणारं या जगात कुणी उरलं नव्हतं, आणि असं काही असतं हेच ती विसरून गेली होती.

ती उठली. मांडीवरची सालं झटकली. पोरीच्या डोक्यावरची पिशवी उतरवली, तिला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, "किती वाळलीस. पत्र्याखाली खायला घालत नाहीत वाटतं."

मग आत गेली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही. भांड्यांचा उगाच आवाज करत होती.

त्यानंतर नालेदी दर शनिवारी वर यायची. माथुसोला ते सहन होईना. मेंढी तिची गेली होती, पत्रा तिचा, दिवा तिचा, आणि सुट्टीच्या दिवशी पोर गवताच्या घरात. एका शनिवारी ऊन उतरल्यावर ती छत्री टेकत, धापा टाकत स्वतः न्यायला आली. अंगणात बायका बसल्या होत्या. जुन्या सवयीने ती म्हणाली, "नालेदी, चल, चहा गार होतोय."

मानालेदीने हातातलं सूप खाली ठेवलं. याच क्षणाची ती वाट बघत होती, असं मला वाटतं.

"माथुसो, सासरच्यांनी माहेरचं नाव घ्यायचं नसतं. तुम्ही मेंढी कापून जे ठेवलं ते घ्या."

"चुकून निघालं."

"चुकूनही काढू नका. रीत म्हणजे रीत."

बायका तोंडाला घोंगडी लावून हसत होत्या. माथुसोने इकडेतिकडे बघितलं, ओठ आवळले आणि म्हणाली, "माखाउता, चल."

"जेवून येईल," मानालेदी म्हणाली.

आता सगळं गाव तिला माखाउताच म्हणतं. शाळा म्हणते, चर्च म्हणतं, झऱ्यावरच्या पोरी म्हणतात. नालेदी म्हणण्याचा हक्क गावात एकाच दाराला उरलाय. आधी ते नाव ज्याच्यात्याच्या तोंडी होतं तेव्हा मानालेदीला त्याचाही हेवा वाटायचा, हे मला आत्ता कळतं. काकी म्हणून तो हक्क मलाही आहे. मी एकदोनदा घेतला, तर ती मला म्हणाली, "घ्या ना, जाऊबाई, तुम्ही घरच्याच. पण जरा कमी घ्या."

पुढच्या वर्षी ती पोर आपल्या देशी जाईल. मी मानालेदीला तसं म्हटलं. ती म्हणाली, "जाईल की. मुली लांब देतातच." शेळीला करडू झालंय, आणि ते तिने नालेदीच्या नावाने वेगळं बांधलंय.

माझी पुलाने जोहान्सबर्गला आहे. येते, येते म्हणते. फोनवर आवाज चांगला असतो, पैसेही पाठवते. गाव मला सकाळपासून संध्याकाळपर्यंत तिच्या नावाने हाक मारतं, आणि मी ओ देते. तिला मी पोटातून काढलं, आणि धाकट्या जावेच्या दारात दर शनिवारी ती लाल केसांची पोर चढत येते. मला मानालेदीचा हेवा वाटतो. इतका की काही शनिवारी मी कुंपणाकडे पाठ करून बसते.

शुक्रवारी संध्याकाळी मानालेदी अंगण शेणाने सारवते, मुलगी यायची म्हणून. हल्ली मीही माझं सारवते. कुणी विचारलं तर सांगते, धूळ फार झाली होती.